काट्यामागची विहीर

त्या वर्षी एकेक करत विहिरी आटत गेल्या आणि दाजीच्या घराला कामाची कमी राहिली नाही. आटलेली विहीर खोल करायची, गाळ उपसायचा, खाली लागलेला खडक फोडून वर काढायचा, हा त्या घराचा धंदा. घर म्हणजे तिघंच: दाजी, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ. लग्नानंतर दाजी बायकोच्या गावात राहायला आला तो तिथलाच झाला. मेहुणा त्याला दाजी म्हणायचा, म्हणून शेजारी म्हणू लागले, मग दुकानदार, मग पोरंटोरं. आता त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या गावाला डोकं खाजवावं लागलं असतं.

काम असेल त्या विहिरीच्या काठावर त्यांची यारी उभी राहायची. लोखंडी खांब, त्याचा आडवा हात, हातावरून खाली सोडलेला तारेचा दोर, दोराला टांगलेली भली थोरली बादली आणि हे सगळं ओढणारं डिझेलचं इंजिन. मेहुणा बादलीत बसून खाली उतरायचा आणि दगड भरून पाठवायचा. बायको वर आलेली बादली ओतायची. ब्रेकचा दांडा धरून बसायचा दाजी. खालच्या माणसाचा जीव वरच्याच्या मुठीत असतो, हे या धंद्यात कुणी कुणाला बोलून दाखवत नाही.

त्या दुपारी काम होतं ती विहीर मोठ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. रस्त्याला लागून वजनकाटा. माल भरलेले ट्रक तिथे वजनाला थांबत, आणि काट्याच्या मागच्या खोलीत पत्त्यांचा अड्डा चाले. दाजी तिथला जुना गडी. आधी तो सुटीच्या दिवशी बसायचा, मग कामावरून आल्यावर, मग कामावर जायच्या आधी. बायकोच्या कानातलं त्या खोलीत गेलं, मेहुण्याची मोटरसायकल गेली. दर वेळी दाजीने शपथ घेतली. शपथ घेताना त्याचे डोळे खरोखर भरून यायचे, हीच मोठी पंचाईत होती. समोरच्याला त्याला खोटं म्हणवत नसे.

बायको जेवणाचा डबा आणायला घरी गेली होती. दाजीने विहिरीत वाकून ओरडून सांगितलं, "इंजिन तापलंय रे, जरा गार होऊ दे!" इंजिन तापलं होतं हे खरंच होतं. बादली वर, इंजिन बंद. "एक डाव टाकून येतो," असं तो स्वतःशी पुटपुटला आणि काट्याकडे निघाला.

खाली मेहुण्याने रिकामं बसण्यापेक्षा पहार चालवली. खडकाच्या फटीत पहार बसली, त्याने ती हलवून बाहेर खेचली आणि मागोमाग पाणी उसळलं. तो आधी हसला. कोरड्या वर्षात पाणी लागणं म्हणजे खोदणाऱ्याचा मानच. "दाजी, लागलं!" तो ओरडला. वरून उत्तर नाही. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. "दाजी, बादली सोडा!" पाणी कमरेला आलं तेव्हा तो भिंतीला बोटं रुतवू लागला, पण नुकताच तोडलेला खडक, त्याला धरायला काय असणार?

बायको बांधावर असतानाच तिला ते ओरडणं ऐकू आलं. डबा कुठे टाकला ते तिला नंतरही आठवलं नाही. इंजिनाचं हँडल तिने जन्मात मारलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. पहिल्यांदा ते उलटं फिरून तिच्या मनगटावर बसलं. दुसऱ्यांदा इंजिन धरलं. बादली सोडताना ती फार वेगाने सुटली, ओढताना हिसके बसले, पण भाऊ वर आला. ओठ काळेनिळे, नखं सोललेली. भर उन्हात तो थंडी भरल्यासारखा कुडकुडत बसला.

मग ती काट्याकडे गेली. खोलीच्या दारात उभी राहिली. दाजीने मान वर न करताच म्हटलं, "आलोच. एवढा डाव होऊ दे."

"भाऊ विहिरीत होता," ती म्हणाली. "पाणी लागलं."

दाजीच्या हातातली पानं टेबलावर पडली. ती उलटी पडली की सुलटी, ते पाहायला एकाने मान लांबवली, हेही तिने पाहिलं.

*

मेहुण्याने भांडण केलं नाही, वेगळं व्हायचंही म्हणाला नाही. त्याने दाजीशी बोलणं तेवढं बंद केलं. एकाच खोलीत जेवायला बसायचं आणि मधे बायको. "ताई, त्यांना सांग, पहार धार लावायला टाकलीय." दाजी हातभर अंतरावर बसलेला. "अहो, पहार धार लावायला टाकलीय." "बरं." "बरं म्हणतायत रे." कुणी पाहिलं असतं तर हसला असता. दाजीला मात्र घास गिळवत नसे.

पुन्हा कामावर जायची वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, "आता दांडा मी धरणार. खाली तुम्ही उतरायचं. खाली पत्ते नाहीत."

"तुला जमेल?"

"भावाला काढला तेव्हा जमलं होतं."

दाजी बादलीत बसला. वरचं आकाश लहान लहान होत गेलं, थाळीएवढं झालं. खाली उकाडा, दगडाची धूळ, घणाचा प्रत्येक घाव खांद्यातून मणक्यात. वर्षानुवर्षं बसून काम केलेल्या माणसाच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. मेहुणा वरून त्याला एक शब्द बोलत नसे, पण दगडांची बादली वर आली की खाली एक खडाही न पडू देता ओढून घ्यायचा.

दिवस असा निघायचा. खरा वैरी संध्याकाळ. दिवे लागायची वेळ झाली की दाजीचे हात शिवशिवू लागत. तो अंगणात येरझारा घाली, उगाच चप्पल घाली, उगाच काढून ठेवी. बायकोने हे काही दिवस पाहिलं आणि एकदा त्याला धरून सरळ सलूनवाल्या काकांकडे नेलं.

काका एकेकाळी त्याच अड्ड्यावरचे. आपल्या सलूनची खुर्ची आणि आरसा दोन्ही ते हरले होते, आणि पुढे वर्षभर त्यांनी झाडाखाली स्टूल टाकून लोकांच्या दाढ्या केल्या होत्या. आता दुकान पुन्हा उभं होतं.

"मी काही डॉक्टर नाही," काका म्हणाले. "रोज दिवेलागणीला इथे येऊन बाकावर बस. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर पेपर वाच."

"काका, तुम्हाला आता आठवण येत नाही ना?"

काकांनी हातातली कात्री हवेत दोन-तीनदा चालवली. "हा आवाज ऐकलास? मला अजून पत्ते पिसल्यासारखा वाटतो. आणि धंदा माझा हाच! काट्यावरून जावं लागेल म्हणून मी अजून शेतातून वळसा घालून बाजाराला जातो. आठवण येते रे. आली की कुणाला तरी सांगायचं. पोटात ठेवलीस तर ती आत बसून माजते."

दाजी रोज जाऊ लागला. पहिले काही दिवस त्याने नुसता पेपर वाचला, एकच पान, पुन्हा पुन्हा. मग एक दिवस म्हणाला, "काका, आज फार वाटतंय." काका गिऱ्हाईकाच्या मानेवर वस्तरा फिरवता फिरवता म्हणाले, "काय वाटतंय, नीट सांग." आणि दाजीने सांगितलं: पान उचलताना छातीत कसं होतं, हरल्यावर घरी जायची लाज वाटते म्हणून पुन्हा डाव कसा मांडला जातो. मान वाकवून बसलेलं गिऱ्हाईक सगळं ऐकत होतं. दाजीला वाटलं, आता गावभर होणार. झालंच. पण गावभर होऊन झाल्यावर लपवायला काही उरलं नाही, आणि तो त्या रात्री गाढ झोपला.

*

सगळं सुरळीत चाललंय असं वाटायला लागलं, आणि तिथेच पाय घसरला.

इंजिनाचं डिझेल संपलं होतं. मेहुण्याच्या पायाला दगड लागला होता, बायको यारीचा दोर बदलत होती. दाजी म्हणाला, "मी आणतो की." बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पैसे हातावर ठेवले. पंप काट्याच्या पलीकडे. दाजी काट्याजवळून मान खाली घालून गेला. चार पावलं पुढे गेला आणि मागे वळला; पंपापर्यंत पोहोचलाच नाही. नंतर त्याला विचारलं तर खोलीत शिरल्याचं आठवत होतं, शिरायचं ठरवल्याचं आठवत नव्हतं.

बाहेर आला तेव्हा हातात रिकामा कॅन होता.

रस्त्याने चालताना थाप आपोआप तयार झाली. पंपावर डिझेल नव्हतं. नको, ते कुणीही तपासेल. कॅन फुटला, वाटेत सगळं सांडलं. ही चांगली आहे. तो खरोखरच रस्त्याकडेचा टोकदार दगड उचलून कॅनच्या बुडाशी वाकला. दगड हातात तसाच राहिला. कॅनला भोक पाडायला वाकलेला, घामाने निथळणारा हा बाप्या कोण, असं त्याला स्वतःलाच वाटलं. त्याने दगड भिरकावला आणि पळत सलूनमध्ये गेला.

काका एकाची दाढी करत होते. एका गालावर फेस होता, दुसरा साफ झाला होता. दाजीच्या हातातला कॅन पाहून त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"घरी सांगितलंस?"

"पाय निघत नाही."

"चल."

"अहो काका, माझी अर्धी राहिलीय!" गिऱ्हाईक ओरडलं.

"मग तूही चल."

आणि खरंच, गळ्यात टॉवेल आणि एका गालावर फेस घेऊन तोही मागून निघाला. अर्ध्या दाढीने एकटा कुठे जाणार बिचारा? असे तिघं विहिरीवर पोहोचले.

दाजीने कॅन बायकोच्या पायाशी ठेवला. "डिझेल आणलं नाही. बसलो. हरलो. कॅन फुटला असं सांगणार होतो." बायकोच्या ओठांचा रंग उडाला. ती काही बोलायच्या आत दगडावर पाय पसरून बसलेला मेहुणा कडाडला:

"दाजी, तुम्ही गाढव आहात का?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"गाढवच आहात! पायाला माझ्या लागलं होतं, तोंडाला नव्हतं लागलं. वाटेत भीती वाटली तर परत यायचं, म्हणायचं, मला जमत नाही, सोबत चल. लंगडत आलो असतो मी!" त्याचा आवाज चिरकला. "विहिरीतून वर आलो तेव्हापासून वाट बघतोय, हा माणूस एकदा तरी खरं बोलतो का. आज बोललात. आता बसा खाली. असे उभे राहू नका आरोपीसारखे."

बायकोने कॅन उचलला. "मी आणते," ती म्हणाली आणि मोठ्या रस्त्याने, काट्यासमोरूनच, ताठ मानेने चालत गेली.

*

उन्हाळा चढला आणि काटेवाल्याची स्वतःची, काट्यामागची विहीर आटली. ट्रक धुवायला पाणी नाही, शेजारच्या त्याच्या हॉटेलला पाणी नाही. तो मोटरसायकलवरून दाजीच्या अंगणात आला. मागच्या खोलीतला अड्डाही त्याचाच. गोड बोलणारा माणूस. कुणाला अरेतुरे करत नसे.

"दाजी, तुमच्यासारखं काम कुणाचं नाही. विहीर खोल करून द्या. मजुरी म्हणाल ती. आणि बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत हो! खोली सुनी सुनी वाटते."

तो गेल्यावर मेहुणा म्हणाला, "नको. उपाशी मरत नाही आपण."

"त्याच्या दारात काम करायला मला लाज नाही," बायको म्हणाली. "लाज त्याला वाटायला हवी. पण यांचं काय?"

दोघांनी दाजीकडे पाहिलं. तो नखांतली माती काढत होता. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "पण काकांसारखा जन्मभर वळसा घालत नाही जाणार मी. हा रस्ता माझ्या गावचा आहे."

काकांना सांगितलं तेव्हा ते अजिबात खूश झाले नाहीत. "छातीचं कौतुक मला नको सांगू. नीट बघ आत. ही हिंमत आहे की नवी पैज? बघा, मी कसा त्याच्या दारात जाऊन कोरडा येतो, अशी?"

दाजी बाकाची कड नखाने खरवडत राहिला. "थोडी तशीही आहे," शेवटी म्हणाला.

"मग एकटा जाऊ नकोस. एका पावलालाही नाही. दुपारी दुकान बंद करून मी येतो."

तसं ठरलं. जाताना तिघं, येताना तिघं. मजुरी बायकोच्या हातात. दाजी सकाळी खाली उतरला की जेवणही खालीच. काका वळसा सोडून, ओठ मिटून, काट्यासमोरून यायचे आणि काठावर बसून त्याच्याशी गप्पा मारायचे. दोघांनाही ओरडूनच बोलावं लागे. काका वरून गावातल्या बातम्या सांगत, दाजी खालून शिव्या घाली.

खोलीतल्यांना ही करमणूकच झाली. डाव मोडला की ते विहिरीवर येत, वाकून हाका मारत. त्यांच्यात एक ट्रक ड्रायव्हर होता, गडगडाटी हसणारा. "दाजी, खाली करमतं का? पान टाकू का एखादं?" आणि खरंच त्याने एक पत्ता सोडला. तो गिरक्या घेत घेत खाली आला आणि दाजीच्या पायाजवळ चिखलात पडला. वर हशा. बायकोने दांड्यावरचा हात आवळला. मेहुणा उठला, काकांनी त्याला बसवलं.

खाली दाजी त्या पत्त्याकडे पाहत उभा होता. पालथा पडला होता तो. कुठला असेल? एवढंच पाहावं, उलटून. तळहात खाजला. मग त्याने फावडं घेतलं, पत्ता चिखलासकट उचलला, न उलटता बादलीत टाकला, वर दगड भरले आणि ओरडला, "ओढ गं!"

बायकोने बादली ओढली, आणि मेहुण्याने ती राडारोड्याच्या ढिगावर पालथी केली. हसणाऱ्यांपैकी एकाने ढिगात डोकावून पाहिलं, आणि मग ते सगळे उन्हातून आत गेले.

*

पाणी लागलं ते भर दुपारी, काका नुकतेच येऊन काठावर बसले होते तेव्हा. दाजीने हाक दिली, बायकोने बादली सोडली, तो वर आला. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. काटेवाला काठावर येऊन वाकला, खूश झाला.

"वा! आता हिशोब. पैसे आत टेबलावर ठेवलेत, दाजी. या, उचला. आणि माझ्या विहिरीला पाणी लागलं, एक डाव आनंदाचा झाला पाहिजे. माझ्यातर्फे!"

"पैसे बाहेर आणून द्या," मेहुणा म्हणाला.

"बाहेर ऊन आहे हो."

बायकोने पदर खोचला. "मी आणते."

"सगळेच जाऊ," दाजी म्हणाला.

तिघं आत गेले. काका उंबऱ्याशी थबकले. इतक्या वर्षांत तो उंबरा त्यांनी पाहिला नव्हता. मग तेही आत आले. खोली तशीच होती. धुराचा वास, तेलकट झालेल्या पाठीच्या खुर्च्या. पैसे टेबलाच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी पानं वाटून तयार. एकाने सरकून जागा केली. दाजीच्या अंगावरचा चिखल फरशीवर टपटपत होता. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"पायात गोळे आले का दाजी?" ड्रायव्हर म्हणाला.

"नाही. बसावंसं वाटतंय, म्हणून कापतायत."

हशा अर्धवट फुटला.

"हसा," दाजी म्हणाला. "मी जुगारी आहे. ही पानं बघून आत्ता माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. मला एक डाव खेळता येत नाही. मी एक खेळलो की मेहुणा विहिरीत राहतो. म्हणून काटेवाले, मला आनंदाचा नको, दुःखाचा नको, फुकटचा नको. पुन्हा बोलावू नका. बोलावलंत तरी मी येणार नाही, आणि आलो तर ही माणसं माझी तंगडी धरून नेतील. आणि तुमच्यात कुणाला माझ्यासारखं होत असेल, तर मी रोज दिवेलागणीला सलूनमध्ये बसतो. या."

"प्रवचन झालं?" काटेवाल्याचं बोलणं पहिल्यांदाच तुटक झालं. "पुढचं काम दुसऱ्याला देईन मी."

"द्या की," बायको म्हणाली. टेबलावरचे पैसे तिने उचलले आणि सगळ्यांसमोर नीट मोजले. "आमची यारी तुमच्या जिवावर उभी नाही."

बाहेर आल्यावर दाजी ढिगाऱ्यावर मटकन बसला आणि ओकला. मेहुण्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, चिखलाने हात भरला तो दाजीच्याच सदऱ्याला पुसला. "आणखी कुठे पुसू?" तो म्हणाला. बायको हसली, आणि हसता हसता तिने तोंड फिरवून घेतलं.

*

सलूनमध्ये कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. उलट गावात कुणी भेटलं की विचारायचं, "काय दाजी, आज काय प्रवचन?" दाजी म्हणायचा, "या ना ऐकायला." काकांनी बाकावरची गादी बदलली. दाजी रोज जाऊन बसायचा. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस तो बाकाची कड घट्ट धरून बसायचा आणि काका त्याला काही विचारत नसत. काम दुसऱ्या गावांतून येत होतं.

एका दिवेलागणीला दारात सावली पडली. तो गडगडाटी ड्रायव्हर होता. आत येईना, जाईना. ट्रकची किल्ली या हातातून त्या हातात करत होता.

"काय रे?" काकांनी विचारलं.

"दाढी करायची होती."

काकांनी त्याच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं. सकाळीच केली होती, त्यांनीच. दाजीने हसू गिळलं. मग त्याने ड्रायव्हरच्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचं हसू आपोआप गेलं. ते हात तो ओळखत होता.

"गर्दी आहे," काका रिकाम्या खुर्चीवर टॉवेल झटकत म्हणाले. "बस जरा."

ड्रायव्हरने रिकाम्या दुकानावर नजर फिरवली. दाजी बाकावर सरकला, आणि हातातल्या पेपरचं एक पान काढून त्याने त्याच्यापुढे धरलं.